अक्षरांच्या सवयी

अरबी छंदशास्त्राचा पाया घालणारा खलील बिन अहमद आणि गुप्तलेखन कसं उलगडावं यावर पुस्तक लिहिणारा खलील बिन अहमद ही दोन माणसं नव्हेत. माणूस एकच. आठव्या शतकातल्या बसरा शहरातला. आज मराठीत गझल लिहिणारा कवी लघुगुरूंचा जो हिशेब मांडत बसतो, त्याचं मूळ या माणसापर्यंत जातं. त्यानं अरबी कवितेची पंधरा वृत्तं ओळखून त्यांना नावं दिली. सोळावं पुढं अख्फश नावाच्या पंडितानं जोडलं. ठोकपीट करणाऱ्या कारागिरांच्या हातोड्यांची लय ऐकून त्याला छंदाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेवर किती विश्वास ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण कान देऊन मोजणारा माणूस होता, एवढं खरं.

मित्रहो, गुप्त लिपी म्हटलं की आपल्याला हेर आठवतात, लढाया आठवतात. हल्ली संगणक आठवतो. मी बी.ए. झालेला माणूस, तोही भाषेत. गणिताशी माझा संबंध भाजीच्या हिशेबापुरता. तरीही या विषयावर बोलायला मी उभा राहिलो, कारण हा विषय मुळात अक्षरं मोजणाऱ्यांचा आहे आणि कवी आयुष्यभर दुसरं काय करतो?

खलीलची एक गोष्ट जुन्या अरबी ग्रंथांत येते. बायझंटाइन सम्राटाकडून ग्रीक भाषेतलं, पण गुप्त लिपीतलं पत्र आलं. महिनाभर खपून खलीलनं ते वाचलं. कसं वाचलं, असं लोकांनी विचारल्यावर त्यानं सांगितलं, की पत्राची सुरुवात देवाच्या नावानं झाली असणार असं मी धरून चाललो आणि पहिली अक्षरं त्या हिशेबानं लावली. पुढची आपोआप लागत गेली. त्याचं गुप्तलेखनावरचं पुस्तक आज उपलब्ध नाही, पण ही एक ओळ टिकली. ती टिकली हे बरं झालं, कारण कूट फोडण्याच्या साऱ्या विद्येचं अर्धं मर्म तिच्यात आहे. लिहिणारा मजकूर लपवतो, रीत लपवायला विसरतो. आपल्याकडे 'श्री' घालून पत्र लिहायची पद्धत होती. असं पत्र कुणी कूटात लिहिलं, तर पहिलंच चिन्ह 'श्री'चं असेल हे शेंबडं पोरही सांगेल.

आता कूट म्हणजे काय ते पाहू. जुन्या काळची कूटं मुख्यतः दोन जातींची. पहिल्या जातीत अक्षरं तीच राहतात, जागा बदलतात. दुसरीत जागा तीच राहते, अक्षर बदलतं. पहिली जात आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून येते. 'च'ची भाषा आठवा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. 'कागद'चा होतो 'चागदका', 'पाटील'चा 'चाटीलपा'. आमच्या मोहल्ल्यातल्या मुली ही भाषा इतक्या वेगानं बोलत, की मौलवीसाहेब आणि शाळेतले गुरुजी दोघंही सारखेच हतबल होत. अक्षरांची उलथापालथ आणि मध्ये एक निरर्थक अक्षर घुसडणं, या दोन्ही युक्त्या त्यात आल्या. युरोपातल्या राजदरबारांत याच युक्त्यांना मोठाली नावं होती.

दुसऱ्या जातीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ज्युलियस सीझरचं. स्वेटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो, की सीझर प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं त्याच्या पुढचं तिसरं अक्षर लिहीत असे. आपण हे मराठीत करून पाहू. 'क'पासून 'ळ'पर्यंत चौतीस व्यंजनं धरा. प्रत्येकाच्या जागी तीन घरं पुढचं घ्या. काना, मात्रा, वेलांटी तशीच ठेवा. शेवटच्या 'ळ'पाशी पोचलात की पुन्हा 'क'कडे वळा. आता 'क'चा होतो 'घ', 'म'चा होतो 'ल'. 'मराठी' शब्द होतो 'लशाणी'. 'कविता' होते 'घसिधा'. ऐकायला काय वाईट आहे! एखाद्या दूरच्या प्रांतातली बोली वाटावी.

पण हे कूट फार तकलादू. चौतीस अक्षरं म्हणजे सरकवण्याचे प्रकार फक्त तेहतीस. एकामागून एक करून पाहिले तरी दुपारपर्यंत काम संपतं. म्हणून पुढची पायरी अशी, की सरकवायचं नाही, जोड्या मनाला येतील तशा लावायच्या. 'क'ला 'म', 'म'ला 'ठ', 'ठ'ला आणखी काही. आपल्याकडे वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांमध्ये 'म्लेच्छित विकल्प' नावाची एक कला येते. ती ही गुप्त बोलण्या-लिहिण्याची. त्यावरच्या टीकेत यशोधरानं मूलदेवाच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत सांगितली आहे. तीत ठरावीक अक्षरांच्या जोड्या असत आणि जोडीतलं एक दुसऱ्याच्या जागी जाई. अशा मनमानी जोड्या लावायला निघालो, तर चौतीस व्यंजनांच्या मांडण्या इतक्या होतात, की तो आकडा लिहायला ३९ अंक लागतात. एकेक करून पाहायचं म्हटलं तर पृथ्वीचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून शतकानुशतकं राजे, सरदार, व्यापारी या कूटावर डोळे झाकून विसंबले.

त्यांचं चुकलं कुठं ते बगदादमध्ये बसलेल्या एका तत्त्वज्ञाच्या लक्षात आलं. अबू युसूफ याकूब अल-किंदी त्याचं नाव. जन्म इ.स. ८०१च्या सुमाराचा, मृत्यू ८७३च्या आसपास. 'अरबांचा तत्त्वज्ञ' अशी त्याची ख्याती. वैद्यक, संगीत, प्रकाशशास्त्र, ज्योतिष अशा विषयांवर त्यानं दोनशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ लिहिले. त्यांत भारतीय अंकांवरचाही एक होता. आयुष्य मात्र सुखाचं गेलं नाही. खलिफा मुतवक्किलच्या काळात दरबारी मत्सरापायी त्याला मारहाण झाली, त्याचं ग्रंथालय जप्त झालं. ते पुढं परत मिळालं असं जुने चरित्रकार सांगतात. या अल-किंदीनं कूटलेख उलगडण्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. तिची हस्तलिखित प्रत इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात पडून होती. दमास्कसच्या अभ्यासकांनी ती संपादून १९८०च्या दशकात छापली, तेव्हा जगाला कळलं, की जी युक्ती युरोपची समजली जात होती, ती नवव्या शतकात बगदादमध्ये कागदावर उतरलेली होती.

युक्ती ऐकायला अगदी साधी. कूटलेख ज्या भाषेतला आहे त्या भाषेतला दुसरा कुठलाही साधा मजकूर घ्या. त्यात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. सर्वांत जास्त येणाऱ्याला पहिलं म्हणा, त्याखालच्याला दुसरं, असं शेवटपर्यंत. मग कूटलेखातली चिन्हंही तशीच मोजा आणि त्यांनाही क्रम लावा. पहिल्या चिन्हाच्या जागी पहिलं अक्षर ठेवून पाहा. अल-किंदीनं स्वतः ३६६७ अक्षरांचा अरबी मजकूर मोजला. त्यात अलिफ ६०० वेळा आला, लाम ४३७ वेळा, मीम ३२० वेळा. अलिफ आणि लाम पुढे असणारच, कारण अरबीत नामाला 'अल' लावायची रीत आहे. म्हणजे पुन्हा रीतच!

ही मोजदाद अरबांनाच आधी का सुचली? अभ्यासक असं सांगतात, की कुराणाच्या अभ्यासानं तिथं शब्द आणि अक्षर यांच्याकडे बारकाईनं पाहायची सवय लावली होती. कुठला शब्द किती वेळा आला, कुठला शब्दप्रयोग जुना, कुठला नवा, याची चर्चा मदरशांतून चाले. शिवाय राज्य मोठं, कारभार कागदावरचा, नाना भाषांतून अरबीत भाषांतरं चाललेली. भाषाशास्त्र, गणित आणि कारभार हे तिन्ही एका गावात नांदत असले, तरच ही विद्या जन्माला येते. एकानं दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही असा दंडक असता, तर ती जन्मली नसती.

शब्दाचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. आपलं संस्कृत 'शून्य' अरबीत गेलं ते 'सिफ्र' होऊन, म्हणजे रिकामं. सिफ्र युरोपात गेलं आणि त्याचा 'सायफर' झाला. आधी शून्य, मग कुठलाही अंक, मग गुप्त लिपी. इथं जे शून्य म्हणून निघालं, ते तिथं गुपित म्हणून पोचलं.

आता ही मोजदाद मराठीला लावून पाहू. मराठीत 'त', 'र', 'न', 'ल', 'च', 'य' पावलोपावली भेटतात. 'झ' आणि 'ढ' अधूनमधून. 'ङ' आणि 'ञ' तर बाराखडीच्या तक्त्याबाहेर क्वचितच पडतात. पण नुसत्या संख्येवर जाऊ नका, जागाही पाहा. 'ळ'नं मराठी शब्द सुरू होत नाही. 'ण'नंही जवळजवळ नाहीच. शब्दांच्या शेवटी 'ला', 'ने', 'चा', 'ची', 'चे' यांची रांग लागलेली असते. आणि वाक्याच्या शेवटी? समजा तुमच्या हाती चिठ्ठी लागली: 'भासकागा आषा आखे'. अर्थ शून्य. पण शेवटचा शब्द बघा. आरंभी 'आ', शेवटी मात्रा, मध्ये एकच व्यंजन आणि जागा वाक्याच्या टोकाला. तो 'आहे' नसेल तर दुसरं काय असेल? म्हणजे 'ह'चा 'ख' झाला आहे. 'ह'नंतर 'ळ', मग 'क', मग 'ख'. तीन घरं. सगळी अक्षरं तीन घरं मागं न्या: 'पावसाळा आला आहे'.

जोड्या मनमानी असत्या तर एवढ्या झटक्यात लागलं नसतं, पण लागलं असतं. 'आहे'नं 'ह' दिला, की 'होते'वरून 'त' मिळतो. 'त'वरून 'तो, ती, ते' उघडतात. 'त्याला'वरून 'य' आणि 'ल' हाती येतात. एका भिंतीची एक वीट निघाली की पुढच्या सैल होतात. ३९ अंकी संख्येचा तो डोंगर आपण चढलोच नाही, बाजूनं वाट काढली. मराठी माणूस नाव लपवील, गाव लपवील, पण त्याचा 'आहे' लपत नाही.

कवींना वाटेल, पद्यात लिहिलं तर बरं, तिथं वाक्यं सरळ नसतात. तेही खरं नाही. तेराव्या शतकातल्या इब्न दुनैनीर आणि इब्न अदलान या दोघांनी पद्यातलं कूट कसं फोडावं याचाही विचार केला आहे. अरबी कवितेत प्रत्येक बैताचा शेवट एकाच अक्षरावर होतो. म्हणजे ओळींच्या टोकाला तेच चिन्ह पुन्हापुन्हा दिसणार. वृत्त ओळखलं की कुठं कसलं अक्षर बसेल याचाही अंदाज येतो. ज्या यमकानं कविता लोकांच्या तोंडी राहते, तेच यमक तिचं गुपित सांगून टाकतं. खलीलच्या दोन विद्या इथं अशा एकत्र येतात.

इथवर सगळं शब्दकोडं सोडवल्यासारखं वाटलं असेल. पण या मोजदादीनं माणसांचे जीवही गेले आहेत. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८मध्ये आसऱ्यासाठी इंग्लंडला आली आणि राणी एलिझाबेथच्या कैदेत पडली. अठरा वर्षं कैदेत काढल्यावर १५८६मध्ये अँथनी बॅबिंग्टन नावाच्या तरुणानं तिला पत्र धाडलं. एलिझाबेथला मारायचं, मेरीला सोडवायचं आणि गादीवर बसवायचं असा बेत. पत्रं बिअरच्या पिंपातून दडवून ये-जा करत होती. लिपी कूट होती. अक्षरांसाठी तेवीस चिन्हं, नेहमीच्या शब्दांसाठी तीसहून अधिक वेगळी चिन्हं आणि वाचणाऱ्याला चकवायला चार पोकळ चिन्हं, ज्यांचा अर्थ काहीच नव्हता. आपल्या 'च'सारखीच.

पण पत्रं पोचवणारा गिफर्ड हाच मुळात एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याला फितूर होता. प्रत्येक पत्र आधी वॉल्सिंगहॅमकडे जाई. त्याच्या पदरी थॉमस फेलिप्स हा कूट फोडण्यात तरबेज माणूस होता. अनेक भाषा जाणणारा. त्यानं चिन्हं मोजली, पोकळ चिन्हं बाजूला काढली आणि पत्रं वाचली. मेरीनं जुलैमध्ये उत्तर लिहून बेताला संमती दिली, तेव्हा त्या पत्राच्या नकलेवर फेलिप्सनं फासाच्या खांबाचं चित्र काढलं. एवढ्यावर भागलं नाही. मूळ पत्राच्या शेवटी त्यानं त्याच लिपीत एक ताजा कलम जोडला: कटातल्या सहा जणांची नावं कळवावीत. ज्याला कूट वाचता येतं त्याला ते लिहिताही येतं, हे कूट वापरणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. सप्टेंबरात बॅबिंग्टन आणि त्याचे साथीदार मारले गेले. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला.

या प्रकरणातून मला एक गोष्ट फार लागते. मेरीकडे कूट नसतं, तर तिनं असं पत्र लिहिलंच नसतं. आडून आडून बोलली असती, अर्धं बोलली असती, गप्प बसली असती. कच्च्या कुलपावर भरवसा ठेवला म्हणून ती मोकळी बोलली, आणि त्या मोकळेपणानं तिचा घात केला. कुलूप नसलेलं दार माणसाला निदान सावध ठेवतं.

योगायोग असा, की त्याच १५८६ साली फ्रान्समध्ये ब्लेझ द व्हिजनेर याचा गुप्तलेखनावरचा ग्रंथ निघाला. त्याच्या नावानं पुढं जी पद्धत ओळखली गेली, ती खरं तर बेलासो नावाच्या इटालियन माणसानं १५५३मध्ये छापली होती. तिचा गाभा असा, की सगळी अक्षरं एकाच अंतरानं सरकवायची नाहीत. समजा किल्ली आहे तीन, एक, चार. पहिलं अक्षर तीन घरं, दुसरं एक घर, तिसरं चार घरं, चौथं पुन्हा तीन. आता 'मराठी'चं काय होतं पाहा: 'ललाती'. 'म'चाही 'ल' झाला आणि 'र'चाही 'ल' झाला. अल-किंदीची मोजणी इथं आंधळी होते, कारण एकाच मुखवट्याआड दोन चेहरे आहेत. या पद्धतीला लोक अभेद्य म्हणत, आणि तीनशे वर्षं ती तशी राहिलीही.

मग फोडली कशी? इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं १८५४च्या सुमारास ती फोडली होती, पण छापलं नाही. प्रशियाच्या सैन्यातला अधिकारी फ्रिडरिश कासिस्की यानं १८६३मध्ये पुस्तकच काढलं. त्यांचं म्हणणं असं, की किल्लीही फिरून फिरून तीच येते. लांब पत्रात 'आहे' पन्नास वेळा आला, तर कधी ना कधी तो किल्लीच्या त्याच वळणावर येणार आणि तीच चिन्हं पुन्हा उमटणार. अशा पुनरावृत्तींमधली अंतरं मोजा. समजा ती पंधरा, चोवीस, एकोणचाळीस अक्षरांची निघाली. तिन्हींना भाग जातो तो तीननं. म्हणजे किल्ली तीन अक्षरी. मग पत्रातली पहिली, चौथी, सातवी अक्षरं एका ढिगात घाला, दुसरी, पाचवी, आठवी दुसऱ्यात, उरलेली तिसऱ्यात. प्रत्येक ढीग म्हणजे सीझरचं साधं कूट! तीन ढीग, तीन वेळा मोजणी, काम संपलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश उलगडतानाही हवामानाच्या रोजच्या वृत्तातला 'हवामान' हा ठरलेला शब्द इंग्रजांच्या उपयोगी पडला. खलीलची सुरुवातीची ओळ बाराशे वर्षांनी पुन्हा कामाला आली.

आता घराकडे वळू. मराठीत कूटलिपीचा सर्वांत मोठा संसार मांडला तो महानुभाव पंथानं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सर्वसामान्यांच्या मराठीत धर्म सांगितला. त्यांच्यामागं म्हाइंभटानं रिद्धपूरला 'लीळाचरित्र' रचलं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. महदंबेनं 'धवळे' गायले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. पुढं आपले श्रद्धेचे ग्रंथ परक्यांच्या हाती पडून त्यांची हेळसांड होऊ नये, म्हणून पंथानं ते सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंक लिपी अशी त्यांची नावं. एका अक्षराच्या जागी दुसरं, हेच तत्त्व. पोथ्या मठांतून जपल्या गेल्या, पंथ पंजाबात गेला तेव्हा तिकडेही गेल्या.

परिणाम काय झाला? ग्रंथ राहिले. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते दिसेनासे झाले. शतकानुशतकं मराठी वाङ्मयाचा विचार त्यांना वगळूनच होत राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली. पंथातल्या काही महंतांनीही पोथ्या खुल्या केल्या. य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते यांच्यासारख्यांनी त्यांच्या अभ्यासात आयुष्यं घातली. मराठीच्या आरंभकाळाचा इतिहास त्यामुळं नव्यानं मांडावा लागला. ज्यांनी लपवलं त्यांना मी दोष देणार नाही. आपलं ग्रंथधन असुरक्षित आहे असं कुणाला का वाटतं, हे ज्याच्यावर वेळ आली आहे तोच जाणतो. पण मराठीत लिहिणारा म्हणून मला हुरहुर लागते ती त्या मधल्या पिढ्यांची. महदंबेच्या भाषेत लिहिणाऱ्या किती स्त्रियांना आपल्याआधी कुणी लिहून गेली आहे हे कळलंच नसेल!

मेरीची गोष्ट अजून संपलेली नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काही कूटपत्रं इटालियन म्हणून नोंदलेली होती. जॉर्ज लास्री हे संगणकतज्ज्ञ, नॉर्बर्ट बियरमन हे पियानोवादक आणि सातोशी तोमोकियो हे भौतिकशास्त्रातले जाणकार, अशा तिघांनी ती हाती घेतली. इटालियन धरून काही लागेना. फ्रेंच धरल्यावर अक्षरं हलली. क्रियापदांची रूपं स्त्रीलिंगी निघाली. मग 'माझं स्वातंत्र्य' हे शब्द आले, 'माझा मुलगा' हे शब्द आले. बोलणारी स्त्री आहे, आई आहे आणि कैदेत आहे. पुढं 'वॉल्सिंगहॅम' हे नाव आलं आणि शंका उरली नाही. १५७८ ते १५८४ या काळातली मेरीची ती ५७ पत्रं होती. फेब्रुवारी २०२३मध्ये हे प्रसिद्ध झालं. चारशे वर्षांपूर्वी मोजदादीनंच तिचा जीव घेतला होता. या वेळी त्याच मोजदादीनं तिचा आवाज परत मिळवून दिला. एकच विद्या, हात वेगळे.

आज आपल्या खिशातल्या फोनवरचे निरोप ज्या कूटात जातात, त्यात अक्षरांच्या सवयी उरत नाहीत. सगळी चिन्हं सारख्याच प्रमाणात विखुरतात, तिथं अल-किंदीचं काही चालत नाही. पण कुणी कुणाला कितीदा, किती वाजता निरोप पाठवला हे मोजता येतंच. अक्षरांच्या सवयी झाकल्या, माणसांच्या उघड्या राहिल्या.

आज रविवार आहे. वेळ असेल तर याच पुरवणीतला एखादा परिच्छेद घ्या आणि मुलांना हाताशी घेऊन त्यातली अक्षरं मोजा. कागदावर चौतीस घरं आखा, भेटेल त्या व्यंजनाच्या घरात एक रेघ. तासाभरात तुम्हाला मराठीचा असा एक चेहरा दिसेल, जो रोज वाचूनही दिसला नव्हता. आणि 'ळ'च्या घरातल्या रेघा वेगळ्या मोजा. एकही शब्दाच्या सुरुवातीची निघणार नाही.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)